शेवटच्या दालनातला उदयसिंग

मानोरा
११ जानेवारी २०२५

वसीमभाई,

अक्षर ओळखलं असशील तर लगेच फाडू नकोस. फोनवर पाठवलेलं तू उघडून बघत नाहीस, म्हणून अमीनाचाचीकडून तुझा मस्कतचा पत्ता घेतला. तुझ्या अम्मी बऱ्या आहेत. गुडघे दुखतात, पण मशिदीमागच्या बाजारात अजून स्वतःच जातात आणि भाजीवाल्याशी स्वतःच भांडतात.

मला काही मागायचं नाही. एका पुस्तकाबद्दल सांगायचं आहे.

अल्ताफचं आता वाशीमला कोर्टाजवळ झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान आहे. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "वैभवी, तू ये. भुयार सापडलं."

मला वाटलं, आपल्या भुयाराच्या खेळाचा जुना खोका सापडला. पण तुझ्या मामूंनी कुवेतहून आणलेला तो खोका तू जाण्याआधी चुलीत घातलास, हे चाचींनी मला तेव्हाच सांगितलं होतं. त्यावर मी काही म्हणत नाही.

माझ्या शाळेतल्या एका मॅडमनी विचारलं, कसला हा खेळ? मी म्हटलं, पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण पुस्तक घेऊन बसतो आणि सांगतो, तुमच्यासमोर दार आहे, आतून पाण्याचा आवाज येतो आहे. बाकीचे एकेक माणूस होतात, कोणी लढवय्या, कोणी चोर, आणि आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं ते फासे आणि नियम ठरवतात. मॅडम म्हणाल्या, म्हणजे गप्पाच की! हो, गप्पाच. पण त्या गप्पांत आपण चौघं तीन वर्षं जमिनीखाली राहिलो.

तर झालं असं. मूळ पुस्तक छापणं केव्हाच बंद झालं. पुढच्या आवृत्त्यांत नियम इतके बदलले की जुना खेळ ओळखूच येईना. मग दूर कुठल्या कुठल्या देशांतल्या काही वेड्यांनी ठरवलं की जुना खेळ मरू द्यायचा नाही. त्यांनी शब्द स्वतःचे घेतले, पण नियम तेच ठेवले, आकडे तेच, गणितं तीच. अल्ताफनं ते छापून, तारेची शिवण घालून ठेवलं होतं.

मी आधी नाक मुरडलं. म्हटलं, नक्कल ती नक्कल. मग पान उघडलं.

चिलखत जितकं भारी तितका त्याचा आकडा लहान! आठवतं? यावरून आमचा हरीओम तुझ्याशी एक अख्खी दुपार भांडला होता. "चांगल्या मालाचा भाव चढते का उतरते?" म्हणून. तो उलटा आकडा तसाच्या तसा आहे. कोणालाही सरळ करावासा वाटला असता, यांनी केला नाही. जादूगारणीला एकच मंत्र, तो म्हटला की दुसऱ्या दिवसापर्यंत ती रिकामी. मशाल ठरावीक वेळ जळते आणि विझते. जीव शून्यावर आला की माणूस मेला, त्यात दयामाया नाही.

आणि हे ऐक. दाराला कान लावण्याचा नियम आपल्या पुस्तकात दोन पानांवर दोन तऱ्हांनी दिला होता. तू म्हणायचास, छापणाऱ्याची चूक असेल. मला वाटायचं, ही भानगड अख्ख्या जगात फक्त आपल्या चौघांना ठाऊक आहे. या पुस्तकात खाली बारीक टीप आहे: मुळात इथं दोन नियम होते, आम्ही हा घेतला, त्याचं कारण असं, दुसराही चालेल.

माझ्या अंगावर काटा आला, वसीमभाई. आपल्याला कधी न भेटलेलं, आपलं गावही न ऐकलेलं कोणीतरी माणूस त्याच चुकीपाशी थांबलं होतं. तिच्यावर त्यानं विचार केला आणि ती पुसली नाही.

अल्ताफ म्हणाला, "पुढचं पान पाह्य." पुढच्या पानावर लढवय्यांचा, म्हणजे हरीओमचा, तक्ता होता. मी पुस्तक मिटलं आणि बसस्टँडवर आले.

वैभवी


मानोरा
२ मार्च २०२५

वसीमभाई,

पत्र पोहोचल्याचं चाचीकडून कळलं. तू त्यांना एवढंच म्हणालास, "आलं." ठीक. फाडलं असतंस तर तेही सांगितलं असतंस, असं मी धरून चालते.

आज पहिला रोजा. तरी अल्ताफ सकाळच्या गाडीनं इकडे आला, कारण मागच्या महिन्यापासून आम्ही दोघं दर रविवारी घरी बसून ते पुस्तक तपासतो आहोत. त्यानं नवीन आवृत्तीही मिळवली होती. आधी ती खेळून पाहिली. सुंदर आहे, खोटं बोलणार नाही. पण तिच्यात माणूस मरता मरत नाही. पडला तर त्याला जगायच्या संधी मिळतात, रात्रभर झोपला की सगळ्या जखमा भरतात. आणि दालनात लपलेलं काही शोधायचं तर फासा टाकायचा, आकडा आला की सापडलं. आपल्याला तू काय म्हणायचास? "फाशाले नको इचारू. कुठी हात घालतं ते सांग."

मग जुन्या नियमांनी खेळलो. माझी नवीकोरी बाई पहिल्याच खोलीत बाण लागून मेली. इतकी हसले मी! अल्ताफचे डोळे मात्र भरून आले. म्हणाला, "तोच हाय वैभवी. अगदी तोच खेळ हाय."

आज जे घडलं ते लिहावं की नाही, याचा मी दुपारपासून विचार करते आहे. लिहिते.

अल्ताफ म्हणाला, नवीन माणसं किती दिवस मारायची? आपला जुना डाव पुरा करू. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "तुझी भागिरथा अन् माझा रूपला त्या शिळेच्या अलीकडे उभे हायेत. अन् उदयसिंग अजून आत हाय."

आई दारात हरभरा निवडत होती. तिचा हात थांबला.

"कोन उदयसिंग? कुठी अडकला?"

अल्ताफनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच सांगितलं की तो खरा माणूस नाही, हरीओमचा खेळातला गडी. शेवटच्या रविवारी त्याच्यामागे शिळा पडली आणि तो एकटा पलीकडच्या दालनात राहिला. अंगात जीव नावालाच उरलेला, मशाल विझायला आलेली, आणि अंधारात कोणीतरी श्वास घेतं आहे. तिथं तू पुस्तक मिटलं होतंस. म्हणालास, उरलेलं पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी तुझा फोन आला, हरीओम मानोऱ्याहून गाडीवर निघाला आणि मंगरूळपीरच्या पुढे सोयाबीनच्या ट्रॉलीखाली आला. हे तुला सांगायची गरज नाही. पण आईला खेळातलं हे काहीच ठाऊक नव्हतं. तो वाशीमला मित्रांकडे आणि माझ्या होस्टेलवर जातो, काहीतरी खेळतात, एवढंच तिला माहीत होतं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "मंग इतके साल त्याले तथीच ठेवलं का तुमी?"

याचं उत्तर तुझ्याजवळ आहे का?

वैभवी


मानोरा
२० एप्रिल २०२५

वसीमभाई,

रामनवमीच्या यात्रेनं पोहरादेवीच्या सगळ्या गाड्या भरून वाहत होत्या, त्यात अल्ताफचा एक रविवार बुडाला. नाहीतर आई त्याला सोडत नाही. होय, आई. तिला खेळ शिकायचा आहे.

मी आधी टाळलं. मला वाटलं, तिच्या मनाला लागेल. अल्ताफ म्हणाला, "तिच्या मनाले लागायचं राह्यलं काय आता?" मग शिकवला. वीस तोंडांचा फासा ती तळहातावर घेऊन इतकं निरखून पाहत होती की जणू तो दागिना आहे. "यानंच खेळे का तो?" मी म्हटलं, असाच, पण हा नाही. तिला उलटा आकडा एका झटक्यात समजला. "म्हंजे मार लागायची जागा जितकी कमी, तितका आकडा कमी. सोपं हाय." हरीओमची अख्खी दुपार गेली होती त्यात!

तिला उदयसिंगला बाहेर आणायचं आहे. तिच्या बोलण्यात दुसरं काही नाही. स्वयंपाक करताना विचारते, त्या शिळेचं वजन किती? शेतातून आल्यावर विचारते, त्याच्याजवळ खायला काय होतं?

अल्ताफला मात्र झोप लागेना. तो खेळ चालवणार, म्हणजे आता तुझ्या जागी तो, आणि हरीओमच्या जागी आई. जीव नावालाच उरलेला. एक फटका बसला की उदयसिंग मेला, आणि तो आईच्या हातून मेला. तिला हे पुन्हा पाहायला लावायचं? त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की आपण गुपचूप नवीन आवृत्तीचा नियम लावू, पडला तरी वाचायच्या संधी देऊ. आईला काय कळणार?

आईनं ते ऐकलं. भिंती पातळ आहेत आमच्या.

"अल्ताफ, इकडे ये. हरीओम खेळे तवा हा नियम होता?"

"नोयता, काकू."

"मंग मले बी नको."

"काकू, तो मरू शकते."

"मले समजते मरनं काय असते." आवाज चढला नव्हता तिचा. "तू नियम बदलशीन तर जो बाहेर येईन तो दुसराच कोनी असन. मले दुसरा नको. माहा पाह्यजे."

पुस्तक शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत वाचूनही आम्हाला जे नीट सांगता येत नव्हतं, म्हणजे कोणी इतक्या जिवापाड जुने नियम का जपावेत, ते तिनं हरभऱ्याची डाळ भिजत घालता घालता सांगून टाकलं होतं.

आता अंधारात श्वास कोण घेत होतं, हा प्रश्न राहिला. ते फक्त तुला माहीत. अल्ताफ म्हणाला, मी मनानं ठरवणार नाही, मी ठरवलं तर उदयसिंगचं भलं नाहीतर बुरं माझ्या मर्जीनं होईल. पुस्तकात जमिनीखाली तेवढ्या खोलवर काय काय भेटू शकतं त्याचा तक्ता आहे. तोच तक्ता तूही वापरायचास. फासा टाकून जे निघेल ते.

बाबांबद्दल तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. आम्ही खेळायला बसलो की ते बाहेरच्या खोलीत जाऊन पाठ करून बसतात आणि मोबाइलवर बाजारभाव लावतात. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात ते तुला जे म्हणाले, "तुह्या खेळानं माहा पोरगा खाल्ला," ते त्यांनी मागे घेतलेलं नाही. पण आईनं मला परवा एक सांगितलं आणि ते तुला कळवायला सांगितलं. तिचेच शब्द लिहिते: "वसीमनं फोन केला म्हनून नाई गेला तो. सोमवारपासूनच रविवारची वाट पाहे. नाई बोलावलं असतं तरी गेला असता."

वैभवी


मानोरा
६ मे २०२५

वसीमभाई,

परवा खेळलो.

दुपारचं ऊन इतकं की बाहेर चिटपाखरू नव्हतं. कूलर लावला तर आवाज होतो म्हणून आईनं तो बंद करायला लावला. माझा जुना आलेखाचा कागद मी जमिनीवर पसरला, त्यावर आपण काढत गेलो तो भुयाराचा नकाशा. आईनं डोक्यावर पदर घेतला. का घेतला, मी विचारलं नाही.

अल्ताफनं तक्त्यासाठी फासा टाकला, पुस्तकात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं सांगितलं: मशालीच्या उजेडाच्या कडेला एक जनावर उभं आहे. अस्वलासारखं, पण दुप्पट उंच, आणि डोक्यावर शिंगं. उदयसिंगच्या हातात तलवार आहे. काय करतो?

मला तर लढवय्याला लढवायचंच माहीत. आम्ही तिघं काय करायचो? दार उघडलं की तलवार. मी आईच्या कानाशी म्हणणार होते की शिळेला पाठ लाव, वार कर. तिनं हातानं मला गप्प केलं.

"तो तलवार खाली ठेवते," आई म्हणाली. "अन् म्हनते, बाप्पा, मी तुया घरात आलो. मले माहीत नोयतं. तू कधीचा हायेस अथी?"

अल्ताफनं पान उलटलं. बोटानं ओळ शोधली. वसीमभाई, तिथं नियम आहे! कोणतंही जनावर भेटलं की ते लगेच अंगावर येतंच असं नाही. आधी दोन फासे टाकायचे. कमी आलं तर हल्ला, मध्ये आलं तर ते विचारात पडतं, जास्त आलं तर त्याच्या मनात वाईट नसतं. हा नियम आपल्या खोक्यातल्या पुस्तकातही असणार, कारण या लोकांनी स्वतःचं काही घुसडलेलं नाही. आपण कधी तिथवर पोहोचलोच नाही. आपली तलवार नेहमी फाशांच्या आधी निघायची.

अल्ताफनं फासे टाकले. मध्ये आलं.

"ते पाहून राह्यलं तुमच्याकडे," तो म्हणाला. "त्यानं काही ठरवलं नाई. काकू, मशाल विझत आली."

"विझू दे. तो खाली बसते. त्याच्याजवय भाकर हाय ना? अर्धी त्याच्यापुढे सरकवते."

मशाल विझली. अल्ताफनं खरोखर डोळे मिटले, आणि मीही मिटले. फरशीवर फासे घरंगळल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले तेव्हा तो फाशांकडे बघत होता. जास्त आलं होतं.

"ते... ते भाकर खाऊन राह्यलं, काकू."

आईनं फक्त मान हलवली. जणू दुसरं काय होणार होतं. तिनं त्याला विचारलं, तुझ्यानं ही शिळा हलते का बाप्पा? अल्ताफ म्हणाला, एवढ्या मोठ्या जनावराच्यानं हलणारच. शिळा वर उचलली गेली. पलीकडे माझी भागिरथा आणि अल्ताफचा रूपला मशाल धरून उभे. अल्ताफनं मला विचारलं, "भागिरथा काय म्हनते?" मी म्हटलं, "ती त्याच्या खांद्याले हात लावून पाह्यते."

अल्ताफनं पुस्तक मिटायला घेतलं. "सुटला, काकू. झालं. आले तिघं बाहेर."

"असे कसे आले? चालत नाई आले अजून."

तिला एकेक खोली हवी होती. आणि जुन्या नियमांत तसंच आहे, परतीची वाटही चालावी लागते आणि वाटेत काय भेटेल ते फासा सांगतो. मी नकाशावर बोट ठेवत गेले. पाण्याची खोली, पडका जिना, रूपलानं कुलूप तोडलेलं दार. प्रत्येक वळणावर अल्ताफ फासा टाकी आणि आम्ही श्वास धरून बसू. दोनदा काही नाही. जिन्यापाशी फाशावर एक आला, म्हणजे कोणाशी तरी गाठ पडणार. मागून कोल्ह्यांचा कळप लागला, माणसांएवढे, दोन पायांवर धावणारे, हातात कुऱ्हाडी.

उदयसिंगच्या पाठीवर सोन्याची थैली होती, आठवतं? हरीओमनं कितीतरी रविवार जमवलेली. जड. तिच्यामुळे तो हळू धावतो, तोही नियमच.

"टाक ते सोनं," आई म्हणाली.

"काकू, सोनं बाहेर नेलं तरच तो पुढच्या पायरीवर चढते. तेच तर कमाई हाय या खेळात."

"मले पायरी नको. पोट्टा बाहेर येऊ दे."

पुस्तकात तेही आहे! पळताना धन टाकलं तर मागचे ते वेचायला थांबू शकतात. फासा पडला. ते थांबले. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. कोणी बसून हे सगळं लिहिलं असेल, आणि कोणी इतक्या वर्षांनी तसंच्या तसं पुन्हा लिहून ठेवलं असेल, एकही ओळ न गाळता? त्यांना काय माहीत की मानोऱ्यात चतुराबाई नावाच्या एका आईला नेमकी हीच ओळ लागणार आहे.

शेवटचा बोळ. दार. आईनं फासा मागितला. अल्ताफ म्हणाला, इथं फासा नाही लागत, काकू. दार उघडंच आहे. नुसतं म्हणा.

आईला म्हणता येईना.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाहेरच्या खोलीतले बाजारभाव बंद झालेले आहेत. केव्हापासून, कोण जाणे. बाबा उंबऱ्यात उभे होते. भिंतीला धरून, गंजीवर, चष्मा कपाळावर.

"आला का तो बाहेर?" त्यांनी विचारलं.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "आला," ती म्हणाली. "आताच आला."

बाबा आत आले आणि आमच्यात जमिनीवर बसले. त्यांनी नकाशा जवळ ओढला, त्यावर हात फिरवला आणि विचारलं, "बाहेर काय हाय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच माहीत नव्हतं. तू दर वेळी डाव त्या दारापासूनच सुरू करायचास, आणि दाराच्या बाहेर कोणतं गाव आहे, नदी आहे की डोंगर, हे आपण कधी विचारलंच नाही. अल्ताफ पुस्तक चाळू लागला. बाबांनी त्याला थांबवलं.

"ते पुस्तकात नसन," ते म्हणाले. "वसीमले इचारा."

मी त्यांचे शब्द बदललेले नाहीत. ते तिघं दाराबाहेर उन्हात उभे आहेत, वसीमभाई, उदयसिंग, भागिरथा आणि रूपला. त्यांना पुढे काय दिसतं?

वैभवी